नागपुरातील पाथ लॉसची मोजणी: अंतिम वर्षाच्या प्रकल्पाच्या नोंदी

१८ जुलै २०२४

प्रकल्पाचा विषय आज कागदावर आला. नागपुरातील तीन वेगळ्या धाटणीच्या वस्त्यांमध्ये फोर-जी सिग्नलची शक्ती मोजायची, टॉवरपासूनचे अंतर वाढेल तशी ती कशी घटते हे काढायचे आणि पाठ्यपुस्तकातील पाथ लॉसची, म्हणजे वाटेत होणाऱ्या या घटीची, सूत्रे इथे कितपत लागू पडतात ते तपासायचे, असा तो विषय आहे. वस्त्याही ठरल्या: महाल आणि इतवारीचा जुना, अरुंद गल्ल्यांचा भाग, सिव्हिल लाईन्सपासून सेमिनरी हिल्सपर्यंतचा झाडांचा आणि बंगल्यांचा भाग, आणि वर्धा रोडचा तो पट्टा, जिथे त्याच खांबांवर खाली महामार्गाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो अशी दुमजली रचना ३.१४ किलोमीटर चालते. विषय नवा नाही हे मार्गदर्शक सरांनी पहिल्याच बैठकीत सांगितले. त्यांची अट एवढीच आहे की अहवालातील प्रत्येक आकडा नेमक्या कोणत्या राशीचा आहे, तो कोणी मोजला आणि कोणत्या परिस्थितीत मोजला गेला नसता, हे आम्हाला सांगता आले पाहिजे. या अटीचा शेवटचा भाग आम्हाला आज तरी चमत्कारिक वाटला.

फाइव्ह-जी मुद्दाम बाहेर ठेवले आहे. देशात ते १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले आणि नागपुरातही ते मिळते. परंतु त्यात सिग्नलची शक्ती ज्या संदर्भ संकेतांवरून, म्हणजे मोजणीसाठीच्या ठरलेल्या संकेतांवरून, मोजली जाते ते अनेकदा अरुंद झोतांतून पाळीपाळीने सोडले जातात, त्यामुळे फोनवर दिसणारा आकडा कोणत्या झोताचा हे कळल्याशिवाय अँटेनाचा गेन, म्हणजे त्या दिशेला ती शक्ती किती एकवटते ते, हिशोबात धरता येत नाही. एका वर्षाच्या प्रकल्पात तो गुंता नको, यावर गटात एकमत झाले. मोजणी फक्त ग्रहणाची असेल. मोबाईलच्या पट्ट्यांत प्रक्षेपण करण्याचा परवाना कंपन्यांकडे आहे, आमच्याकडे नाही.

२९ जुलै २०२४

दहा दिवस सूत्रांवर गेले. ओकुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोकियो परिसरात प्रत्यक्ष फिरून केलेली मोजमापे १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती आलेखांच्या रूपात होती आणि अभियंत्याला दरवेळी त्या वक्ररेषांवरून आकडा काढावा लागे. हाता यांनी १९८० मध्ये त्या वक्ररेषांना सूत्रात बसवले. आपण परीक्षेत पाठ करतो ते हेच सूत्र. पण पाठ करताना त्याच्या मर्यादांची ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते: वारंवारिता १५० ते १५०० मेगाहर्ट्झ, टॉवरच्या अँटेनाची उंची ३० ते २०० मीटर, फोनची उंची १ ते १० मीटर, अंतर १ ते २० किलोमीटर. पुढे युरोपातील कॉस्ट-२३१ या प्रकल्पाने वारंवारितेची मर्यादा २००० मेगाहर्ट्झपर्यंत नेली, बाकीच्या अटी तशाच राहिल्या.

नागपुरात फोर-जीसाठी आमच्या फोनवर दिसणारे पट्टे ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे आहेत. म्हणजे पहिला हाता यांच्या सूत्राच्या कक्षेत बसतो, दुसरा कॉस्ट-२३१ च्या कक्षेत बसतो आणि तिसरा दोन्हींच्या बाहेर पडतो. अंतराची अडचण याहून मोठी आहे, कारण धरमपेठ किंवा सीताबर्डीसारख्या भागात पुढचा टॉवर पुष्कळदा एका किलोमीटरच्या आतच असतो. सूत्र जिथून सुरू होते तिथे पोहोचण्याआधीच फोन दुसऱ्या सेलवर, म्हणजे दुसऱ्या अँटेनाच्या क्षेत्रात, गेलेला असतो.

तरीही तुलनेसाठी पाया हवा म्हणून हिशोब मांडला. टॉवरची उंची ३० मीटर, फोनची दीड मीटर, मध्यम शहर आणि अंतर १ किलोमीटर धरले तर ८८० मेगाहर्ट्झला हाताचे सूत्र १२६.१ डेसिबेल पाथ लॉस देते (दर १० डेसिबेलला शक्ती दहा पटींनी घटते). मोकळ्या अवकाशात तेवढ्याच अंतराला तो ९१.३ डेसिबेल असतो; मधला जवळपास ३५ डेसिबेलचा फरक हा शहराचा, म्हणजे भिंतींचा, छपरांवरून होणाऱ्या विवर्तनाचा आणि जमिनीवरून परतलेल्या लहरींचा आहे. कॉस्ट-२३१ चे सूत्र १८४० मेगाहर्ट्झला १३६.५ डेसिबेल देते. दोन्ही सूत्रांत अंतर दहापट झाले की नुकसान ३५.२ डेसिबेलने वाढते, अर्थात पाथ लॉसचा घातांक, म्हणजे शक्ती अंतराच्या कितव्या घाताने घटते तो आकडा, ३.५२ येतो. थ्री-जीपीपी या मानक संस्थेच्या नव्या अहवालातील शहरी मॅक्रो सेलचे, टॉवर दृष्टीआड असतानाचे सूत्र १८४० मेगाहर्ट्झला एका किलोमीटरवर १३६.१ डेसिबेल देते. जुन्या आणि नव्या सूत्रांत अर्ध्या डेसिबेलचाही फरक पडू नये, हे पाहून आम्ही हिशोब पुन्हा तपासला. तो बरोबर आहे. मात्र नव्या सूत्रातील उतार दर दहापटीला ३९ डेसिबेलचा असल्यामुळे ३०० मीटरवर दोघांत अडीच डेसिबेलचे अंतर पडते. तो अहवाल अर्ध्या गिगाहर्ट्झपासून १०० गिगाहर्ट्झपर्यंत चालतो, तेव्हा २३०० च्या पट्ट्यासाठी तोच घ्यायचा असे ठरले.

१२ ऑगस्ट २०२४

फोनवर दिसणाऱ्या आकड्यांचा अर्थ आज एकदाचा लावला. पडद्यावरच्या दांड्यांना काहीही मानक नाही. किती डीबीएमला (एक मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबेलमध्ये सांगितलेल्या शक्तीला) किती दांड्या दाखवायच्या हे फोनच्या प्रणालीवर आणि कधी कधी कंपनीच्या सेटिंगवर अवलंबून असते. मोजणीसाठी उपयोगाची राशी आरएसआरपी ही आहे. एलटीईमध्ये, म्हणजे फोर-जीच्या तंत्रात, वाहक (कंपनी वापरते तो वारंवारितेचा सलग तुकडा) १५ किलोहर्ट्झच्या सबकॅरिअरमध्ये, म्हणजे बारीक पट्ट्यांमध्ये, विभागलेला असतो आणि त्यांपैकी ज्यांवर संदर्भ संकेत असतात त्यांच्या शक्तीची सरासरी म्हणजे आरएसआरपी. म्हणजे हा आकडा पूर्ण वाहकाचा नसून एका सबकॅरिअरएवढ्या खिडकीचा आहे. दहा मेगाहर्ट्झच्या वाहकात ६०० सबकॅरिअर असतात, त्यामुळे टॉवर ४३ डीबीएम, म्हणजे २० वॅट सोडत असेल तर एका सबकॅरिअरच्या वाट्याला २७.८ डेसिबेलने कमी, साधारण १५.२ डीबीएम येतात. वाहक वीस मेगाहर्ट्झचा असेल आणि एकूण शक्ती तेवढीच असेल, तर आरएसआरपी आणखी तीन डेसिबेलने खाली दिसते, जरी फोनपर्यंत पोहोचलेली एकूण शक्ती तसूभरही कमी झालेली नसली. मागील वर्षांच्या काही अहवालांत टॉवरच्या पूर्ण शक्तीतून सरळ आरएसआरपी वजा करून पाथ लॉस काढलेला आढळला. वाहक दहा मेगाहर्ट्झचा किंवा त्याहून रुंद असेल तर त्या आकड्यांत किमान २७ डेसिबेल जास्तीचे आहेत.

पावसाबद्दल विचारणा झाली म्हणून नोंदवतो: दोन गिगाहर्ट्झच्या आसपास मुसळधार पावसानेही दर किलोमीटरला एका डेसिबेलचा शंभरावा भागसुद्धा जात नाही. मोजणी पावसात थांबवावी लागते ती भिजणाऱ्या फोनमुळे आणि ओल्या पानांमुळे.

६ सप्टेंबर २०२४

या आठवड्यात मारबत, म्हणजे पुतळ्यांची पारंपरिक मिरवणूक, निघाली त्या दिवशी इतवारीत मोजणी केली. हा दिवस मुद्दाम निवडला होता. काळी आणि पिवळी मारबत पाहायला जी गर्दी लोटते तिच्या हातांतले फोन त्या वेळी एकाच वेळी चित्रण पाठवत असतात, आणि एरवी निवांत असलेले सेल तेव्हा पूर्ण भरतात. आदल्या आठवड्यात त्याच जागी, त्याच वेळी, त्याच फोनवर घेतलेल्या नोंदी तुलनेसाठी होत्या.

अपेक्षेप्रमाणे आरएसआरपी फारशी हलली नाही. संदर्भ संकेत सेल रिकामा असला तरी तेवढ्याच शक्तीने सुटतात. जो फरक दिसला तो काही डेसिबेलचा होता आणि तो अंगांच्या गर्दीचा मानावा लागेल, कारण फोन खांद्याच्या उंचीवर आणि टॉवर माणसांच्या डोक्यांपलीकडे होता. आरएसआरक्यू मात्र स्पष्टपणे घसरली. त्याचे गणित सुंदर आहे. आरएसआरक्यू म्हणजे आरएसआरपी आणि एका रिसोर्स ब्लॉकमधील एकूण शक्ती यांचे गुणोत्तर. ब्लॉकमध्ये बारा सबकॅरिअर असतात. एक अँटेना पोर्ट आणि रिकामा सेल धरला तर संदर्भ संकेताच्या चिन्हात (सिग्नलच्या त्या क्षणाच्या तुकड्यात) त्यांपैकी दोनच जागे असतात, म्हणून गुणोत्तर अर्धे, उणे ३ डेसिबेल. सेल पूर्ण भरला की बाराही जागे होतात आणि गुणोत्तर एक बारांश, उणे १०.८ डेसिबेल. शेजारच्या सेलचा व्यत्यय यात आणखी भर घालतो. दांड्या भरलेल्या असताना चित्रफीत का अडकते, याचे बरेचसे उत्तर या आठ डेसिबेलमध्ये आहे.

पाथ लॉससाठी या दिवसाच्या नोंदी वापरणार नाही. गर्दीचा दिवस वेगळ्या प्रकरणात जाईल.

२१ सप्टेंबर २०२४

नमुने किती दाट घ्यायचे यावर गटात बराच वाद झाला. अनेक मार्गांनी येणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळून जे जलद चढउतार होतात ते अर्ध्या तरंगलांबीच्या आसपासच्या अंतरात होतात. १८०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी १६.७ सेंटिमीटर आहे. हे चढउतार पुसून टाकण्यासाठी विल्यम ली यांचा निकष वापरतात: ४० तरंगलांबींच्या अंतरात किमान ३६ ते ५० नमुन्यांची सरासरी. म्हणजे साधारण ६.७ मीटरमध्ये पन्नास नमुने. आमचे फोन सेकंदाला एक नमुना देतात आणि गाडी ताशी ३० किलोमीटरने गेली तर एका सेकंदात ८.३ मीटर पुढे जाते. निकषाच्या एका खिडकीत आमचा एक नमुनाही पूर्ण बसत नाही.

यावर सरांनी दाखवलेला मुद्दा निर्णायक ठरला. लींचा निकष एका अरुंद वारंवारितेच्या सिग्नलसाठी आहे. फोन आरएसआरपी काढताना अनेक सबकॅरिअरवर आणि साधारण २०० मिलिसेकंदांच्या कालावधीत सरासरी घेतो. लहरींच्या विलंबाचा पसारा एक मायक्रोसेकंद धरला तर सुमारे २०० किलोहर्ट्झपलीकडच्या दोन वारंवारितांचे चढउतार बरेचसे स्वतंत्र होतात; फोनने वाहकाच्या मधल्या १.०८ मेगाहर्ट्झवरच मोजले तरी त्यात पाच-सहा स्वतंत्र नमुने आधीच मिसळलेले असतात. त्यात गाडी चालती असल्यामुळे काळाच्या अंगाने होणारी सरासरीही आहे. तेव्हा ५० मीटरचे तुकडे पाडून प्रत्येकाची सरासरी घ्यायची आणि महालच्या गल्ल्या पायीच मोजायच्या, असे ठरले. तिथे गाडी तशीही चालवता येत नाही.

अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत, आपण स्वतःहून ताजी माहिती मागितली नाही तर प्रणाली जुनाच साठवलेला आकडा पुन्हा देते. म्हणून आमच्या लहानशा ॲपमध्ये दर नोंदीसोबत फोनने त्या मोजणीला दिलेली वेळही उतरवली जाते आणि तीच वेळ दोनदा आली की दुसरी नोंद गळते. सरासरीच्या आधी हे केले नाही तर एकच नमुना पाचदा मोजला जातो आणि विचरण फसवे लहान दिसते.

९ ऑक्टोबर २०२४

संगणकाला जोडायचे आरटीएल-एसडीआर डोंगल (लहान रेडिओ ग्राहक) प्रयोगशाळेत मिळाले. मुळात टीव्हीसाठी बनलेले हे स्वस्त उपकरण साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. १८०० च्या पट्ट्यातील टॉवरकडून फोनकडे येणारा भाग १८०५ ला सुरू होतो, म्हणजे आमचा सर्वांत उपयोगाचा पट्टा अवघ्या ३९ मेगाहर्ट्झने हुकला. ८५० चा पट्टा मात्र आवाक्यात आहे.

डोंगलचे नमुने सेकंदाला २४ लाख, म्हणजे पूर्ण वाहक त्यात मावत नाही. पण एलटीईची रचना इथे कामास येते: सेलची ओळख सांगणारे समक्रमण संकेत वाहकाच्या अगदी मधल्या ६२ सबकॅरिअरवर, दर पाच मिलिसेकंदांनी येतात, वाहक कितीही रुंद असो. प्राथमिक संकेत झाडॉफ–चू नावाच्या गणिती क्रमातून बनतो. लांबी ६३, मूळ अंक २५, २९ किंवा ३४. आलेल्या नमुन्यांशी हे तीन क्रम सरकवून पडताळले की तिघांपैकी कोणता आहे ते कळते, दुय्यम संकेतावरून १६८ गटांपैकी गट कळतो आणि दोन्ही मिळून ५०४ पैकी एक पीसीआय, म्हणजे सेलचा ओळख क्रमांक, मिळतो. डोंगलच्या स्फटिकात ५० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ५० ची, चूक असेल तर ८८० मेगाहर्ट्झला ती ४४ किलोहर्ट्झ होते, जवळजवळ तीन सबकॅरिअर. म्हणून पडताळणीआधी वारंवारितेचा सरकाव शोधून तो काढावा लागतो. हा भाग माझ्या सहकाऱ्याने पायथॉनमध्ये लिहिला आणि महाविद्यालयाच्या गच्चीवर फोनने दाखवलेला पीसीआय डोंगलनेही दाखवला, तेव्हा प्रयोगशाळेत काही काळ दुसरे काम झाले नाही.

डोंगल शक्तीचा खरा आकडा देत नाही, कारण त्याचे कॅलिब्रेशन झालेले नाही. त्याच्याकडून आम्हाला एवढेच हवे आहे: फोनच्या यादीत नसलेले कोणते सेल त्या जागी हवेत आहेत.

१८ नोव्हेंबर २०२४

टॉवर कुठे आहे हे ठाऊक नसेल तर अंतर कशापासून मोजणार? दूरसंचार विभागाच्या तरंग संचार या संकेतस्थळावर परिसरातील टॉवर नकाशावर दिसतात. तेथून सुरुवात केली आणि प्रत्येक जागा स्वतः जाऊन पाहिली. फोनकडून मिळणारी २८ बिटांची सेलची ओळख २५६ ने भागली की भागाकारात टॉवरचा क्रमांक आणि बाकीत सेलचा क्रमांक मिळतो, त्यामुळे एकाच टॉवरचे सेल एकत्र करता येतात. काही फोन टायमिंग ॲडव्हान्सही, म्हणजे लहरीच्या प्रवासाच्या वेळेवरून निघणारा अंतराचा अंदाजही, देतात. त्याची एक पायरी ७८ मीटरची असते, आणि नकाशावरचा टॉवर त्या कड्यात येतो का एवढे तपासायला ती पुरते.

अँटेनांची दिशा खालून डोळ्यांनी ठरवली. शहरी सेक्टर अँटेनाचा झोत साधारण ६५ अंशांचा असतो; म्हणून दिशेच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांपलीकडच्या नोंदी पाथ लॉसच्या हिशोबातून काढल्या. याने नोंदींचा मोठा भाग गेला, पण अँटेनाच्या बाजूचा कमी गेन पाथ लॉसच्या खात्यावर टाकण्यापेक्षा ते परवडले.

वर्धा रोडवर वेगळीच अडचण आहे. दोन मजल्यांच्या खाली फोनचे स्थान भरकटते, कधी ते शेजारच्या गल्लीत जाते. त्या पट्ट्यातील सर्व बिंदू रस्त्याच्या मध्यरेषेवर आणून बसवले.

११ डिसेंबर २०२४

मेट्रोतून मोजणी केली, लोकमान्य नगरपासून प्रजापती नगरपर्यंत. हा भाग मूळ आराखड्यात नव्हता. कॉस्ट-२३१ च्या सूत्रात फोनच्या उंचीसाठी जी दुरुस्ती आहे ती १८४० मेगाहर्ट्झला दीड मीटर उंचीवर शून्याच्या जवळ असते आणि १० मीटरवर २४.६ डेसिबेल होते, म्हणजे सूत्राच्या मते उंच मार्गावरील प्रवाशाला सिग्नल शेकडो पटींनी जास्त मिळायला हवा. मिळतोही जास्त, पण डब्याच्या धातूच्या कायेत बराच अडतो आणि उरलेला फायदा दुसऱ्याच कारणाने वाया जातो: छपरांच्या वर आलेल्या फोनला दूरदूरचे सेल एकदम दिसू लागतात. आरएसआरपी चांगली, शेजाऱ्यांची यादी लांबलचक आणि सिग्नलचे व्यत्ययाशी गुणोत्तर रस्त्यावरच्यापेक्षा वाईट, असे चित्र सीताबर्डीच्या दोन्ही बाजूंना वारंवार आले. अँटेना खाली झुकवून ठेवण्यामागे हाच हेतू असतो, की त्यांनी आपल्या सेलपलीकडे फार बोलू नये. रुळांवरचा फोन मात्र त्या झुकावाच्या वरच राहतो.

टेलिफोन एक्सचेंज नावाच्या स्थानकावर उभे राहून पीसीआय लिहून घेताना आम्हा दोघांना हसू आले.

१६ तारखेपासून विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आहे. त्या दिवसांत सिव्हिल लाईन्समध्ये बंदोबस्त असतो, आणि फोन व वायर लावलेली गाडी घेऊन तिथे फेऱ्या मारणे शहाणपणाचे नाही. तिकडची राहिलेली मोजणी जानेवारीत करू.

८ जानेवारी २०२५

तिन्ही वस्त्यांच्या नोंदी एकत्र करून लॉग-अंतर आणि आरएसआरपी यांवर सरळ रेषा बसवली. घातांक तिन्हीकडे सूत्रांपेक्षा ठळकपणे कमी आला, आणि सर्वांत कमी आला तो महालमध्ये, जिथे गल्ल्या सर्वांत अरुंद आणि भिंती सर्वांत जवळ आहेत. दाट वस्तीत सिग्नल अधिक हळू घटतो, असे त्याचे शब्दशः वाचन होईल. गल्ली लहरींना वाट करून देते वगैरे स्पष्टीकरणे आम्हाला लगेच सुचली, आणि गल्लीच्या दिशेने ती काही अंशी खरीही आहेत. परंतु सरांची जुलैमधील अट इथे पुढे आली: कोणती नोंद झालीच नसती?

फोन ज्या सेलवर असतो त्याचीच नोंद आम्ही घेत होतो, आणि फोन त्या सेलवर असतो कारण तो तिथे सर्वांत बलवान आहे. शेजारचा सेल ठरलेल्या फरकाने, समजा तीन डेसिबेलने, ठरलेल्या वेळेपुरता वरचढ ठरला की हँडओव्हर होतो. म्हणून टॉवरपासून ८०० मीटरवर एखाद्या सेलच्या ज्या नोंदी आमच्या हाती लागतात त्या फक्त अशा जागांच्या असतात जिथे त्याला नशिबाने मोकळी वाट मिळाली; ज्या शंभर जागी तो भिंतीआड गेला तिथे फोनने दुसरा सेल धरला आणि पहिल्याची कमजोरी आमच्या वहीत आलीच नाही. जवळच्या नोंदी सगळ्या आहेत, दूरच्या फक्त चांगल्या आहेत. मग रेषा सपाट होणारच. महालमध्ये भिंतींच्या आडोशामुळे शक्तीत होणारा चढउतार, ज्याला शॅडोइंग म्हणतात, सर्वांत जास्त आणि सेल सर्वांत दाट, तेव्हा निवडही तिथेच सर्वांत कडक होते.

हे केवळ तर्काने मांडू नये म्हणून संगणकावर कृत्रिम नोंदी तयार केल्या. घातांक ३.५ आणि शॅडोइंगचे प्रमाणित विचलन ८ डेसिबेल असे आपणच ठरवले, १०० मीटरपासून दीड किलोमीटरपर्यंत बिंदू टाकले आणि उणे १०० डीबीएमच्या खालचे सगळे पुसले. एका किलोमीटरवर खरी सरासरी उणे १०६ असताना उरलेल्या नोंदींची सरासरी उणे ९५ च्या आसपास येते, जवळपास अकरा डेसिबेलचा खोटा फायदा. रेषा बसवल्यावर आपणच घातलेला साडेतीनचा घातांक तीनच्याही खाली येऊन बसतो.

वर्गातील दुसऱ्या एका गटाने वायफायवर केलेल्या मोजणीतही असेच होत असणार, कारण तिथेही सिग्नल हरवला की नोंद थांबते. त्यांना हे पान वाचायला दिले आहे.

२७ जानेवारी २०२५

दुरुस्तीचे दोन भाग केले. पहिला म्हणजे शेजारच्या सेलच्या नोंदी. फोन त्यांची आरएसआरपी, वाहकाचा क्रमांक आणि पीसीआय देतो, पूर्ण ओळख देत नाही. पण पीसीआय आणि वाहक यांची जोडी परिसरापुरती बहुधा एकमेव असते, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये तयार केलेल्या टॉवरच्या तक्त्याशी ती जुळवता आली. जिथे एकाच जोडीला दोन टॉवर शक्य होते त्या नोंदी सोडल्या. सर्व फोन शेजाऱ्यांची यादी सारखी देत नाहीत. गटातील एका फोनवर ती नेहमी रिकामी असते, म्हणून तो या कामातून वगळला. अशा रीतीने हँडओव्हर झाल्यानंतरही जुन्या सेलचा पाठलाग करता आला आणि निवडीची पहिली गाळणी निघाली.

दुसरी गाळणी फोनच्या संवेदनशीलतेची आहे. सबकॅरिअरच्या १५ किलोहर्ट्झमध्ये औष्णिक गोंगाट उणे १३२ डीबीएम असतो, त्यात ग्राहकाच्या स्वतःच्या गोंगाटाचे सात-आठ डेसिबेल मिळवले की उणे १२५ च्या जवळपास तळ लागतो. आणि शेजारी तर त्याहून बराच वर असतानाच यादीतून गळतो, कारण बलवान सेलच्या व्यत्ययात तो बुडतो. डोंगलचे काम इथे झाले. ८५० च्या पट्ट्यात फोनच्या यादीत नसलेले, पण अनेक सेकंदांचे नमुने जोडून पाहिल्यावर समक्रमण संकेतातून ओळखू येणारे सेल त्याने दाखवले. म्हणजे तिथे सेल आहे, शक्ती उंबरठ्याच्या खाली आहे, आकडा ठाऊक नाही.

आकडा ठाऊक नसलेल्या नोंदी टाकून द्यायच्या नसतात. अर्थशास्त्रज्ञ टोबिन यांनी १९५८ मध्ये मांडलेली, टोबिट नावाने ओळखली जाणारी पद्धत अशाच नोंदींसाठी आहे: दिसलेल्या नोंदीसाठी त्या आकड्याची संभाव्यता घ्यायची, न दिसलेल्या नोंदीसाठी ‘उंबरठ्याच्या खाली कुठेतरी’ याची संभाव्यता घ्यायची, आणि दोन्हींचा गुणाकार ज्या घातांकाला व विचलनाला सर्वाधिक होतो ते उत्तर. कृत्रिम नोंदींवर ही पद्धत लावली तेव्हा साडेतीनचा घातांक परत मिळाला. खऱ्या नोंदींवर लावली तेव्हा तिन्ही वस्त्यांचे घातांक वाढले, महालचा सर्वांत जास्त वाढला आणि तिन्हींमध्ये वर गेला. सिव्हिल लाईन्सचा उतार हाताच्या ३५.२ च्या शेजारी आला. वर्धा रोडचा सर्वांत कमी बदलला, कारण तिथे सरळ रुंद रस्त्यावर टॉवर बराच काळ नजरेत राहतो आणि न दिसलेल्या नोंदी मुळातच थोड्या होत्या.

१५ मार्च २०२५

सेमिनरी हिल्सवर पानगळीतली मोजणी झाली. पावसाळ्यात जिथे नोंदी घेतल्या होत्या त्याच जागांवर, त्याच सेलसाठी. झाडांमुळे होणाऱ्या नुकसानाचे वाइसबर्गर यांचे सूत्र पानांच्या दहा मीटर जाडीला ८५० मेगाहर्ट्झला ४.३ आणि २३०० मेगाहर्ट्झला ५.७ डेसिबेल देते. आमच्या दोन ऋतूंतील फरकाचा क्रम त्याच दिशेचा आहे, २३०० ला जास्त आणि ८५० ला कमी. मात्र सूत्र पानांनी भरलेल्या झाडाचे आहे आणि फांद्या मार्चमध्येही जागेवर असतात. शिवाय मधल्या महिन्यांत कंपनीने एखाद्या अँटेनाचा झुकाव बदलला असेल तर तो बदल आम्हाला पानगळच वाटेल. म्हणून उघड्यावरच्या, झाडे नसलेल्या एका बिंदूवरही दोन्ही ऋतूंत त्याच सेलच्या नोंदी घेतल्या होत्या, आणि ज्या सेलमध्ये तिथेही फरक आला ते सेल या तुलनेतून काढून टाकले.

२ एप्रिल २०२५

अहवाल छपाईला गेला. निष्कर्षाच्या तक्त्यात प्रत्येक वस्तीसाठी दोन रकाने ठेवले आहेत: साध्या रेषेचा घातांक आणि टोबिटचा घातांक. फक्त दुसरा द्यावा, पहिला वाचकाला गोंधळात टाकेल, असे गटातील एकाचे मत होते. मला दोन्ही हवे होते, कारण इतर अहवालांशी तुलना करायची झाली तर त्यांच्याकडे पहिलाच असणार. सरांनी दोन्ही ठेवायला सांगितले.

पुढील वर्षीच्या गटासाठी मूळ नोंदी विभागाच्या संगणकावर ठेवल्या आहेत. प्रत्येक ओळीत वेळ, फोनची मोजणीची वेळ, स्थान, वाहक क्रमांक, पीसीआय, आरएसआरपी, आरएसआरक्यू आणि सेल सेवेतला की शेजारचा हे आहे. डोंगलने ओळखलेल्या, पण फोनला न दिसलेल्या सेलसाठी आरएसआरपीच्या रकान्यात शून्य किंवा काल्पनिक किमान आकडा न लिहिता तो रकाना मोकळा सोडला आहे आणि शेजारच्या रकान्यात त्या फोनचा त्या जागेचा उंबरठा लिहिला आहे. १८०० आणि २३०० च्या पट्ट्यांसाठी असे मोकळे रकाने नाहीत, कारण डोंगल तिथपर्यंत पोहोचत नाही. त्या पट्ट्यांचा घातांक तेवढ्यापुरता केवळ शेजाऱ्यांच्या नोंदींवर उभा आहे, असे तक्त्याखाली लिहिले आहे.